रोजनामच्यातला अनोळखी इसम

'मध्य प्रदेश राज्य विरुद्ध श्यामसुंदर त्रिवेदी'. सर्वोच्च न्यायालयाच्या १९९५ च्या या निकालाचं शीर्षकच थबकवतं. भोपाळचं सरकार आपल्याच फौजदाराविरुद्ध दिल्लीपर्यंत गेलं होतं. सत्र न्यायालयाने सगळ्यांना निर्दोष सोडलं. उच्च न्यायालयाने एकट्या ठाणेदाराला धरलं, तेही खोट्या नोंदी, पुरावा नष्ट करणं आणि बेकायदा डांबून ठेवणं एवढ्यापुरतंच. पोलिसांच्या ताब्यात माणूस मेला, त्याचा जाब कुणालाच नाही.

हा निकाल लिहिणाऱ्या न्या. ए. एस. आनंद यांचं गद्य एरवी भाषणाकडे झुकतं. मानवी प्रतिष्ठेवरचे त्यांचे परिच्छेद मी भराभर ओलांडतो. इथे मात्र ते पोलिसांची कागदपत्रं वाचायला बसतात, आणि लेखणी आवरते.

रामपुरा ठाणं, १३ ऑक्टोबर १९८१. एका बंजारा माणसाला चौकशीसाठी आणलेलं. रोजनामचा (आपल्याकडची स्टेशन डायरी) म्हणतो, चौकशी करून रात्री साडेदहाला सोडून दिला. सकाळी सात वाजता मृत्यूची खबर नोंदवली जाते: तळ्याकाठी झाडाजवळ एक अनोळखी इसम छातीत कळा येऊन तळमळत होता, खबर देणारा जवळ पोचला आणि त्याने प्राण सोडला. सातलाच ठाणेदार निघाल्याची नोंद. पंचनाम्यात मृत्यूचं निश्चित कारण समजत नाही.

कथानक रेखीव आहे, फारच रेखीव. मरणारा साक्षीदार येईपर्यंत थांबतो आणि तो आल्यावर क्षणभरही थांबत नाही! न्यायालय ही गोष्ट मध्ये न तोडता पुरती सांगू देतं. मग सिद्ध झालेल्या बाबी ओळीने येतात. तो माणूस जिवंतपणी शेवटचा दिसला तो ठाण्यात. दुसऱ्या दिवशी दुपारी दोनच्या सुमारास प्रेत बाहेर निघालं तेही ठाण्यातून. विशेषण एकही नाही, आणि तळ्याकाठचं झाड आपोआप नाहीसं होतं. रात्री ज्याला चौकशी करून सोडलं, तोच सकाळी अनोळखी, आणि घाईघाईने दहन करताना बेवारस. ठाणेदारासह इतर पोलीसही सदोष मनुष्यवधाबद्दल दोषी ठरले.

१८ डिसेंबर १९९६ च्या डी. के. बसू निकालात आनंदांनी हेच प्रकरण पुन्हा मांडलं आणि अटक व कोठडीबाबत अकरा निर्देश दिले. अटकेचं टिपण, त्यावर तारीख, वेळ, घरच्या किंवा परिसरातल्या माणसाची सही. हे सगळं मला रामपुऱ्याच्या रोजनामच्याला दिलेलं उत्तर वाटतं: नोंद एकट्या पोलिसाच्या हाती सोपवायची नाही.

कोठडीतल्या इजेला पोलीसच जबाबदार असं न्यायालयाला गृहीत धरता यावं, म्हणून पुरावा कायद्यात ११४-ब कलम घालण्याची शिफारस विधी आयोगाने १९८५ मध्ये केली होती. तिचा विचार व्हावा, असं रामपुऱ्याच्या निकालातही लिहिलं आहे. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ती तरतूद नाही.