सेवाग्रामची चाचणी आणि एकवीस टक्के

‘चांगले’ जिवाणू पोटात गेले की रोग पळतो, असे जाहिराती सांगतात. हे विधान तपासायला वर्धा जिल्ह्यातलेच उदाहरण घेऊ.

कमी वजनाच्या नवजात बाळांना सेप्सिसचा, म्हणजे रक्तातून शरीरभर पसरणाऱ्या जंतुसंसर्गाचा, धोका मोठा. उपयुक्त जिवाणूंनी आतड्यात आधीच जागा पटकावली, तर रोगजंतूंना तेथे थारा मिळणार नाही, ही कल्पना. सेवाग्रामच्या महात्मा गांधी वैद्यकीय संस्थेतील संशोधकांचा सहभाग असलेल्या एका चाचणीत ती पारखली गेली. निष्कर्ष 2015 मध्ये प्रसिद्ध झाले. कमी वजनाच्या 668 बाळांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन समान गट केले. एका गटाला 30 दिवस जिवाणूंचे मिश्रण दिले, दुसऱ्याला जिवाणू नसलेले. पहिल्या गटात धोका 21 टक्क्यांनी कमी आढळला.

येथेच थांबलो तर फसगत होईल. त्याच निबंधातील आकडेमोडीनुसार खरा परिणाम 44 टक्के घटीपासून 3 टक्के वाढीपर्यंत कोठेही असू शकतो. म्हणजे हा फरक योगायोगाचाही असेल. दुसरी उणीव अशी, की येथे मोजला तो सेप्सिसचा ‘संशय’. संशयात इतर आजारही मिसळतात आणि चित्र पुसट होते. अधिक मोठी आणि अधिक नेमके निदान करणारी चाचणी हवी, असे संशोधकांनी स्वतःच लिहिले आहे. हा प्रामाणिकपणा मला त्या 21 टक्क्यांहून मोलाचा वाटतो.

ओडिशात 4,556 बाळांवर झालेल्या चाचणीत (2017) सेप्सिस व मृत्यू यांचे एकत्रित प्रमाण 9 वरून 5.4 टक्क्यांवर आले. मग सेवाग्रामचा प्रश्न सुटला का? नाही. तेथे जिवाणू वेगळा होता, सोबत त्याला पोसणारी शर्करा होती आणि बाळे किमान 2 किलो वजनाची होती. उलट 2023 मध्ये, असेच जिवाणू दिलेले एक अपुऱ्या दिवसांचे बाळ त्याच जिवाणूच्या संसर्गाने दगावल्यावर, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने रुग्णालयांना सावध केले.

तेव्हा दावा ऐकला की विचारावे: कोणता जिवाणू, किती, कोणाला आणि कशाच्या तुलनेत? वर्गात प्रत्येकाला नाणे वीस वेळा उडवायला सांगा व छापे मोजा. कोणतेही औषध न देता आकड्यांत केवढा फरक पडतो, हे मुलांना स्वतःच दिसेल.