पेहराव बदलला, कहाणीचे काय?

२०२३ च्या जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा माझ्या आठवीच्या वर्गात एका चित्रपटावरून दोन तट पडले होते. 'स्पायडर-मॅन : अक्रॉस द स्पायडर-व्हर्स' हा अ‍ॅनिमेशनपट त्याच महिन्याच्या १ तारखेला भारतात लागला होता. सुट्टीत सुरतेला नातेवाइकांकडे गेलेल्या काही मुलांनी तो पाहिला होता आणि उरलेल्यांना त्याची गोष्ट त्यांच्याकडून इतक्यांदा ऐकावी लागली होती की न पाहताही ती हिरिरीने भांडत होती. एका बाकावरून आवाज आला, "असली तो पीटर पार्करच है, बाकी सब उसकी नक्कल." दुसऱ्या बाकावरून उत्तर आले, "फिर माइल्स के पास भी ताकद है ना, वो नक्कल कैसे?" मी उर्दूचा धडा शिकवायला आलो होतो. फळ्याकडे पाठ करून वीस मिनिटे ऐकत राहिलो.

आपल्याकडे अशा चित्रपटांना पोरखेळ समजून बाजूला सारण्याची रीत आहे. साहित्याच्या वार्षिकात त्यावर लिहिणे काहींना खटकेलही. परंतु मुले ज्या गोष्टीवरून भांडत होती ती पोरखेळाची नव्हती. एकाच नावाचे, एकाच शक्तीचे अनेक नायक असतील तर त्यांतला खरा कोण, आणि ते ठरवणारा कोण, हा तो प्रश्न होता. मराठी लिहिणाऱ्या मुसलमानाला हा प्रश्न परका वाटू नये.

चित्रपटाची कल्पना थोडक्यात सांगतो. जगे अनेक आहेत आणि प्रत्येक जगाचा आपापला स्पायडर-मॅन आहे. मुख्य नायक माइल्स मोरालेस हा न्यूयॉर्कच्या ब्रुकलिनमधला मुलगा. त्याचे वडील कृष्णवर्णीय, आई पोर्तो रिकोची. हे पात्र कॉमिक्समध्ये २०११ साली आले आणि २०१८ च्या पहिल्या अ‍ॅनिमेशनपटाने ते जगभर पोहोचवले. त्या चित्रपटाला ऑस्करही मिळाले. दुसऱ्या भागात या सर्व जगांतले शेकडो स्पायडर एका मुख्यालयात जमतात. त्यांचा प्रमुख मिगेल ओहारा एक नियम सांगतो : प्रत्येक स्पायडरच्या आयुष्यात काही घटना घडल्याच पाहिजेत. जवळचे माणूस मेले पाहिजे, ओळखीचा पोलीस अधिकारी मेला पाहिजे. कोणी ते टाळले तर ते जगच कोसळेल. आणि माइल्सचे वडील आता त्याच हुद्द्यावर चढणार आहेत. माइल्स हा नियम मानत नाही, तेव्हा त्याला सांगितले जाते की तू मुळातच चूक आहेस. ज्या कोळ्याने तुला चावले तो तुझ्या जगाचा नव्हताच.

हा प्रसंग मुलांना अतिशय आवडतो, कारण त्यात पाठलाग आहे. मला त्याहून महत्त्वाचा वाटतो तो आधीचा एक शांत प्रसंग. माइल्सचे आईवडील शाळेत समुपदेशक बाईंपुढे बसले आहेत. कॉलेजच्या प्रवेशासाठी मुलाची 'गोष्ट' हवी, असे बाई समजावतात आणि ती गोष्ट स्वतःच रचू लागतात : हलाखीत दिवस काढणारे, बाहेरून आलेले कुटुंब वगैरे. आई चकित होते. पोर्तो रिको अमेरिकेचाच भाग आहे, आम्ही बाहेरचे कसे? हलाखीही नाही, वडिलांना बढती मिळणार आहे. बाई वाईट नाहीत. त्यांना मुलाचे भलेच करायचे आहे. फक्त अशा मुलाची गोष्ट कशी असते हे त्यांना आधीच ठाऊक आहे.

मी हा प्रसंग दोनदा मागे नेऊन पाहिला. बी.एड.नंतर एका मुलाखतीत मला विचारले गेले होते, "तुमचे मराठी इतके चांगले कसे?" विचारणारे गृहस्थ सज्जन होते आणि त्यांनी कौतुकच केले होते. खानदेशात जन्मलेल्या माणसाने मराठी बोलावे यात कसे-बिसे काय असते, हे मला त्या वेळी सुचले नाही. मी म्हणालो, "वडील वाचायचे." म्हणजे मीही त्यांना हवी असलेली गोष्टच दिली.

आपल्या चित्रपटांतही असा नियम आहेच. मुसलमान पात्र आले की त्याच्या वाट्याला एक ठरलेली घटना येते. 'शोले' (१९७५) आठवा. रामगढमध्ये मुसलमान घर एक, इमामसाहेबांचे. त्यांचा मुलगा अहमद गब्बरच्या हातून मरतो आणि त्या मरणाने गावाला लढण्याचे बळ मिळते. ए. के. हनगल यांनी तो बाप असा उभा केला की डोळे आजही भरून येतात, हे मी नाकारत नाही. पण अहमद मरण्याआधी काय होता, नोकरीला जाण्याचे त्याला भय होते की आनंद, याबद्दल आपल्याला फारच थोडे कळते. मिगेलच्या भाषेत सांगायचे तर ती घटना घडलीच पाहिजे होती.

आता या चित्रपटातल्या भारताकडे येऊ. पवित्र प्रभाकर हा आपला स्पायडर-मॅन २००४ साली कॉमिक्समध्ये आला. शरद देवराजन, सुरेश सीतारामन आणि जीवन कांग यांनी तो घडवला. तिथे तो खेड्यातून शिष्यवृत्तीवर मुंबईला आलेला मुलगा आहे, कपड्यांवरून त्याची टिंगल होते, शक्ती त्याला एका योग्याकडून मिळते. काका भीम, काकू माया, मैत्रीण मीरा जैन : मूळ इंग्रजी नावांवर भारतीय कलम केल्यासारखे. नव्या चित्रपटात मात्र तो बिनधास्त, आनंदी, केसांवर खूश असलेला पोरगा आहे आणि त्याचे शहर 'मुंबॅटन', म्हणजे मुंबई आणि मॅनहॅटनची मिसळ. हे शहर रंगवताना जुन्या इंद्रजाल कॉमिक्सची छपाई आणि रंग डोळ्यांपुढे ठेवले होते, असे निर्मात्यांनी सांगितले आहे. चित्रे खरोखर देखणी आहेत. 'चाय टी' म्हणणाऱ्या पाहुण्याला पवित्र जे सुनावतो त्यावर मुले खो खो हसली. पण मुंबॅटनमध्ये लोक घरी कोणती भाषा बोलतात? हे कळायला मार्ग नाही. भारतात हा चित्रपट मराठी, गुजराती, बंगालीसह दहा भाषांत आला आणि हिंदी व पंजाबीत पवित्रला आवाज दिला क्रिकेटपटू शुभमन गिलने. मुंबईचा मुलगा, आवाज पंजाबचा. उर्दू त्या दहांत नव्हती. माझ्या मुलांना त्याचे दुःख झाले नाही. हिंदी संवादांतले निम्मे शब्द त्यांच्या घरचेच होते.

इंद्रजाल कॉमिक्स १९६४ ते १९९० या काळात निघत, मराठीतही. त्यातला वेताळ आमच्या मागच्या पिढीला पाठ होता. पण त्याच कॉमिक्समध्ये १९७६ साली आबिद सुरती यांनी 'बहादूर' आणला, हे आज थोड्यांना आठवते. भगवा कुर्ता, खाली जीन्स. त्याचा बाप दरोडेखोर होता आणि पोलीस अधिकाऱ्याच्या हातून मारला गेला. सूड घ्यायला निघालेला बहादूर त्याच अधिकाऱ्याच्या छायेत वाढतो आणि दरोडेखोरांविरुद्ध उभा राहतो. येथे पेहराव तर देशी आहेच, पण दुःखही चंबळच्या मातीतले आहे. ते कुठल्या पीटर पार्करकडून उसने आणलेले नाही. पवित्रजवळ असे स्वतःचे दुःख नाही. त्याच्या मैत्रिणीचे वडील, पोलीस अधिकारी सिंग, नियमाप्रमाणे मरायचे असतात; माइल्स त्यांना वाचवतो आणि पवित्र धावपळीत मागे राहतो. स्वतःच्या शहरातही मुख्य निर्णय त्याचा नाही.

वर्गात मी मुलांना अमीर हमजाची दास्तान सांगितली. उर्दू शिकणाऱ्यांची ती जुनी दौलत. नवल किशोर छापखान्याने तिचे ४६ खंड काढले. अकबराने तिची सुमारे १४०० चित्रे करवून घेतली. फारसीतून निघालेला हा हमजा जावा बेटावर गेला तेव्हा तिथल्या बाहुल्यांच्या खेळात मेनक होऊन नांदू लागला. उर्दूत आला तेव्हा अम्र अय्यार त्याच्याहून लोकप्रिय झाला आणि तिलिस्म-ए-होशरुबा तर इथल्याच दास्तानगोंनी वाढवून ठेवली. इराणचा हमजा असली आणि लखनौचा नकली, असे म्हणत त्याच्या मागे कोणी धावले नाही. ज्याने सांगितली, त्याने आपले काही घातले. "मग सर, हमजा लोकांचे मुख्यालय नव्हते?" एकाने विचारले. नव्हते, म्हणालो. हा फरक मला मोठा वाटतो. कॉमिक्सच्या नायकाला मालक कंपनी असते. दास्तानच्या नायकाला नव्हती. मिगेलचा नियम या मालकीतून आला आहे, आणि चित्रपट त्या नियमाशी भांडतो हे त्याचे मोठेपण. मात्र भांडण अर्धे राहिले आहे. तिसरा भाग २०२७ साली येईल असे जाहीर झाले आहे.

ते अर्धे का म्हणतो, हे मला एका मुलीने दाखवले. मुख्यालयातल्या गर्दीत एक ब्रिटिश स्पायडर आहे, मलाला विंडसर, डोक्याला हिजाब असलेली. वर्गातल्या मुलींनी तिला नेमके टिपले होते. एकीने मोबाइलवर चित्र थांबवून तिचा फोटो काढून ठेवला होता. तो मला दाखवून ती म्हणाली, "सर, इसकी स्टोरी क्या है?" मला उत्तर देता आले नाही, कारण चित्रपटात ती नाही. शेकडो स्पायडरांत घोडेस्वार आहे, मांजर आहे, डायनोसॉर आहे आणि ही आहे. पेहराव मिळाला की पात्र पूर्ण झाले, असे समजण्याची ही चूक मिगेलच्या नियमाहून फार निराळी नाही. २०१३ साली कॉमिक्समध्ये आलेली कमला खान आठवते. तिला घर होते, आईचे रागावणे होते, मशिदीतले वाद होते. तिची गोष्ट सांगता येते.

नंतर मराठीच्या तासाला मी घरचा अभ्यास दिला : नवापूरचा स्पायडर कोण असेल ते लिहा. ३१ वह्या आल्या. बहुतेकांनी पहिल्याच पानावर चाचा मारून टाकला होता. ज्या मुलीने प्रश्न विचारला होता तिच्या गोष्टीत मात्र कोणी मेले नाही. तिची नायिका आमच्या रेल्वे स्टेशनवर राहते, ज्याचा एक भाग महाराष्ट्रात आणि दुसरा गुजरातेत आहे आणि जिथे चार भाषांत गाडीची घोषणा होते. चाचा रोज सुरतेच्या गाडीने कामाला जातात. एका संध्याकाळी ते उतरत नाहीत. नायिका अम्मीची ओढणी तोंडाला बांधून रुळांच्या वरून निघते. पोलीस विचारतात, तू कुठली? ती म्हणते, आधी चाचा शोधू, मग सांगते. इथे वही संपली होती आणि खाली तिने लिहिले होते, "सर, दुसरी वही घेतल्यावर पुढचे लिहीन."