चक्रीचे परीक्षण

कवितासंग्रहांची परीक्षणे लिहिणाऱ्यांचा मला नेहमी हेवा वाटतो. परीक्षण चुकले तर फार तर कवी रागावतो. माझ्यावर मात्र अशा वस्तूच्या परीक्षणाची पाळी आली, की चुकलो असतो तर बायकोचा भाऊ रागावला असता! वस्तू म्हणजे मासे धरायची चक्री.

मेव्हणे पुण्याचे. उत्तराखंडात रामगंगेवर जाऊन महसीर धरायचा त्यांचा बेत, तोही गांडूळ लावून नव्हे, पिसांची खोटी माशी लावून. या माशीला वजन नसते, म्हणून फेकायचा असतो तो जाड दोर. आणि दोर गुंडाळायला चक्री. दिवाळीला ते गोरेगावला आले ते दोन चक्र्या घेऊनच. एक सोनेरी, झगमगीत. दुसरी राखी, दुकानातल्या मुनीमजीसारखी.

"भाऊजी, एक ठेवायची, एक परत करायची. तुम्ही बँकेतले, पारखून सांगा."

सोनेरी फिरवली की गोड टिकटिक वाजे. राखी मुकी. मी ताबडतोब सोनेरीच्या बाजूने कौल दिला. परीक्षणाची सुरुवात मुखपृष्ठापासून करायची असते, एवढे वाणिज्य शाखेच्या माणसालाही ठाऊक असते.

संध्याकाळी दोघींना घेऊन तलावाच्या पाळीवर फिरायला गेलो. आमच्या भागात तलाव बांधावा कोहळ्यांनी आणि त्यातला मासा ओळखावा ढिवरांनी. एक म्हातारे ढिवरबुवा जाळे वाळवत बसले होते. त्यांनी चक्री हातात घेऊन पाहिली.

"साहेब, हे त पतंगाची चक्रीच होय! ढील कशी देते?"

ढील? आम्ही दोघेही गुंडाळण्याचाच विचार करत होतो. दोन्ही चक्र्यांचा ब्रेक सारखा आवळला आणि बुवांनी दोराचे टोक ओढले. सोनेरी आधी हललीच नाही, मग एकदम हिसका देऊन सुटली. राखी पहिल्या बोटापासून सरसर चालू लागली.

"हिसका बसला का तिथंच तुटते दोरा," बुवा म्हणाले. संपले परीक्षण.

मग माझ्यातला कारकून जागा झाला. जाड दोर साधारण नव्वद-शंभर फूट. मोठा मासा तेवढा एका धावेत नेतो. म्हणून त्याच्या मागे बारीक, मजबूत दोरा शेकडो फूट भरतात. हा झाला राखीव निधी. दुसरी गंमत हिशेबाची. दोर जसजसा जातो, तसतसा चक्रीवरचा गुंडा लहान होतो, आणि ब्रेक तसाच ठेवला तरी ओढ वाढते. गुंडा निम्मा झाला की ओढ दुप्पट! म्हणजे खात्यात शिल्लक कमी होते तसतशी वसुली कडक होते. यावर उपाय म्हणजे मधला गाभाच रुंद असलेली चक्री: गुंडा फार लहान होत नाही, आणि एका फेऱ्यात दोरही जास्त परत येतो. राखीचा गाभा चांगला रुंद होता. सोनेरीचा सारा रुंदपणा बाहेरून.

"केवढा राहते हा मासा?" बुवांनी विचारले.

१९४६ साली कबिनी नदीत १२० पौंडांचा महसीर गळाला लागल्याची नोंद आहे, असे मेव्हणे अभिमानाने म्हणाले.

"मंग खाता कधी?"

"खात नाही. फोटो काढून सोडून देतो."

बुवांनी मेव्हण्यांकडे असे पाहिले, की आमच्या काउंटरवर कोणी नोटा मोजून घेऊन पुन्हा त्याच खात्यात भरल्या, तर मीही तसेच पाहीन. थोड्या वेळाने जाळ्याची घडी घालत ते म्हणाले, "सोडाचाच असन त लवकर आना काठाला. दमवून दमवून सोडला त पान्यात जाऊन मरते. तो सोडनं नाई."

मेव्हणे गप्प झाले. रामगंगेतला सोनेरी महसीर जागतिक यादीत धोक्यातल्या जातींत आहे, हे त्यांनीच मला दुपारी सांगितले होते. म्हणजे चक्रीने ढील द्यावी ती न हिसकता, आणि ब्रेक असा लागावा, की खेळ लवकर आटपावा. या दोन गोष्टी जमल्या तर रंग कोणताही चालेल.

राखी राहिली. सोनेरी परत करायची होती, पण तिची टिकटिक आमच्या सौभाग्यवतींच्या भाच्याला आवडली. आता तो तिच्यावर पतंग उडवतो. रोज दोन-तीन कटतात.