अद्भुताचे तर्कशास्त्र : 'अर्थसी' कादंबऱ्यांतील एका विसंगतीच्या निमित्ताने

१

फँटसी या वाङ्मयप्रकाराविषयी एक आक्षेप हमखास घेतला जातो आणि त्याला एक उत्तरही हमखास दिले जाते. आक्षेप असा की, या कथांमधील जादू तर्काला धरून नसते. उत्तर असे की, जादूला तर्क लावणेच अप्रस्तुत आहे. जेथे अशक्य ते घडते तेथे विसंगतीचा हिशेब कशासाठी मांडायचा? आक्षेपक आणि समर्थक दोघेही येथे एकच गल्लत करतात. 'अशक्य' आणि 'विसंगत' या दोन भिन्न कोटी ते एक मानतात.

ही गल्लत दूर करण्याची सामग्री साहित्यशास्त्रात फार पूर्वीपासून उपलब्ध आहे. घडू शकेल पण पटणार नाही अशा घटनेपेक्षा, घडू शकणार नाही पण पटेल अशी घटना कवीने पसंत करावी, असे ॲरिस्टॉटलने 'पोएटिक्स'मध्ये सांगितले. कोलरिजने १८१७ मध्ये वाचकाच्या अविश्वासाच्या स्वेच्छेने केलेल्या स्थगितीची कल्पना मांडली. टोल्किनने १९३९ च्या आपल्या परीकथांवरील व्याख्यानात तिला दुरुस्ती सुचवली. अविश्वास प्रयत्नपूर्वक स्थगित करावा लागतो तेव्हाच कलाकृती फसलेली असते. यशस्वी कथेत वाचक एका दुय्यम विश्वात प्रवेश करतो आणि त्या विश्वाच्या नियमांनुसार जे सत्य असते त्यावर विश्वास ठेवतो, असा त्याचा युक्तिवाद होता. हिरवा सूर्य म्हणणे सोपे आहे. हिरवा सूर्य ज्यात स्वाभाविक वाटेल असे विश्व रचणे अवघड आहे, हे त्याचे उदाहरण प्रसिद्धच आहे.

आपल्याकडे 'मुक्तामाला' (१८६१), 'मंजुघोषा' (१८६८) या कादंबऱ्यांच्या परंपरेला 'अद्भुतरम्य' म्हणून बाजूला सारण्याची पद्धत रुळली, ती असंभाव्यता हाच दोष मानल्यामुळे. वास्तवाशी विसंवाद आणि कृतीचा स्वतःशीच विसंवाद यांत भेद न केल्याने अद्भुताची चिकित्सा करणारी परिभाषा मराठीत फारशी घडली नाही. प्रस्तुत लेखात तसा भेद करून एका विशिष्ट विसंगतीचा विचार करावयाचा आहे.

२

जादूच्या संदर्भातील तार्किक दोष स्थूलमानाने तीन प्रकारचे संभवतात. पहिला, नियमभंगाचा : संहितेने स्वतः सांगितलेला नियम संहितेतच मोडतो. दुसरा, विस्मृतीचा : एकदा उपलब्ध झालेली शक्ती पुढे अत्यंत गरजेच्या क्षणीही कोणाला आठवत नाही. तिसरा, परिणामलोपाचा : जी शक्ती समाजाचे अर्थकारण, कायदा, कुटुंब यांची घडण बदलून टाकील, ती असूनही समाज आपल्या परिचयाचाच राहतो.

जे. के. रोलिंगच्या हॅरी पॉटर मालिकेतील काळ मागे नेणारे यंत्र हे दुसऱ्या प्रकाराचे ठळक उदाहरण. १९९९ च्या तिसऱ्या कादंबरीत हे यंत्र एका शाळकरी मुलीला अधिक तासांना हजर राहता यावे म्हणून मिळते आणि अखेरीस त्याच्या साहाय्याने दोन जीव वाचतात. त्या कादंबरीपुरती रचना चोख आहे. भूतकाळ बदलत नाही. भविष्यातून आलेल्या व्यक्तींचा वाटा त्यात आधीच सामावलेला होता, एवढेच उघड होते. दोष उद्भवतो तो नंतर. चौथ्या कादंबरीत (२०००) एका निरपराध तरुणाचा खून होतो आणि त्या यंत्राचा विचार कोणाच्याही मनात येत नाही. भूतकाळ अपरिवर्तनीय म्हणून यंत्र निरुपयोगी, असे समर्थन करता येईल. पण मग ते कोणी तरी उच्चारायला हवे होते. २००३ च्या पाचव्या कादंबरीत सगळी यंत्रे एका झटापटीत फुटतात, ही अडचणीची अप्रत्यक्ष कबुलीच म्हणावी लागेल. २०१६ मध्ये रंगभूमीवर आलेल्या 'हॅरी पॉटर अँड द कर्स्ड चाइल्ड' या नाटकात असे यंत्र परत येते आणि त्यात भूतकाळ बदलतोही. म्हणजे विस्मृतीच्या जोडीला नियमभंगही येतो.

अशा दोषांची यादी वाढवणे कठीण नाही. परंतु यादी म्हणजे समीक्षा नव्हे. दोषाने नेमके काय बिघडते, हे सांगता आले पाहिजे. येथे आनंदवर्धनाचा एक भेद उपयोगी पडतो. व्युत्पत्तीच्या अभावातून आलेला दोष कवीच्या शक्तीने झाकला जातो. शक्तीच्याच अभावातून आलेला दोष मात्र तत्काळ जाणवतो, असे तो म्हणतो. काळयंत्राचा दोष बहुसंख्य वाचकांना पहिल्या वाचनात जाणवत नाही, म्हणजे तो पहिल्या प्रकारचा आहे. तरीही मृत्यूची अटळता हा ज्या मालिकेचा गाभा आहे, तिच्यात मृत्यू टाळण्याचे साधन विसरले जाणे हे केवळ तपशिलातले स्खलन राहत नाही. ते अर्थाच्या मुळाशी जाते. याला अनौचित्य म्हणणे अधिक योग्य.

३

परंतु एक चौथा प्रकारही संभवतो आणि तोच मला सर्वांत महत्त्वाचा वाटतो. येथे नियम मोडत नाही, विसरलाही जात नाही. नियमातून जे निष्पन्न व्हायला हवे त्याच्या विरुद्ध काही तरी संहिता गृहीत धरते आणि ते गृहीत धरले आहे याची जाणीव संहितेला नसते. अर्सुला ल ग्विनच्या 'अर्थसी' कादंबऱ्या याचे उत्तम उदाहरण आहेत.

या द्वीपसमूहातील जादूचा पाया भाषिक आहे. प्रत्येक वस्तूला आदिभाषेत एक खरे नाव आहे. ते जाणणाऱ्याची त्या वस्तूवर सत्ता चालते. या एका तत्त्वातून ल ग्विन कठोर निष्पत्ती काढते. खडा हिऱ्यासारखा भासवता येतो, पण खरोखर हिरा करायचा तर त्याचे नाव बदलावे लागेल आणि त्याने विश्वाचा समतोल ढळेल. मायेने निर्माण केलेल्या अन्नाने भूक भागत नाही. समुद्राला आज्ञा करायची तर त्यातील प्रत्येक भागाचे नाव ठाऊक हवे. म्हणून कोणाही जादूगाराची सत्ता मर्यादितच राहते. समाज बदलला का नाही, या परिणामलोपाच्या प्रश्नाला 'समतोल' या कल्पनेतच उत्तर आहे. 'अ विझर्ड ऑफ अर्थसी'च्या (१९६८) शेवटी नायक गेड आपला पाठलाग करणाऱ्या छायेला स्वतःच्याच नावाने हाक मारतो. कथानकाची ती परिणती जादूच्या नियमातूनच अपरिहार्यपणे उमलते.

अशा काटेकोर रचनेत एक गोष्ट मात्र नियमातून निघत नाही. रोक बेटावरील विद्यापीठात केवळ पुरुषांना प्रवेश आहे. स्त्रिया खेड्यातल्या चेटकिणी होऊ शकतात, जादूगार नव्हे. शक्तीचे अधिष्ठान नाव असेल, तर ते उच्चारणाऱ्याच्या लिंगाने काय फरक पडतो? आदिभाषेच्या तत्त्वात याला कसलाही आधार नाही.

विशेष म्हणजे याविरुद्धचा पुरावा पहिल्याच कादंबरीच्या आरंभी आहे. गेडची पहिली गुरू त्याची मावशी आहे. तिच्या तोंडून ऐकलेले शब्द तो मुलगा अर्थ न समजता उच्चारतो आणि शेळ्या त्याच्याभोवती गर्दी करून त्याला सोडीनाशा होतात. त्यांना दूर सारते ती मावशीच. शब्द तिचे आहेत, खरे आहेत आणि परिणामकारक आहेत. तरीही निवेदक तिला अज्ञ ठरवतो आणि स्त्रियांच्या जादूला कमी लेखणाऱ्या लोकोक्ती उद्धृत करतो. लोकोक्ती म्हणजे लोकमत, नियम नव्हे. परंतु कथानक तिला नियमासारखेच वागवते. तिचे अज्ञान स्वभावजन्य आहे की तिला शिकू न दिल्यामुळे आले आहे, हा प्रश्न १९६८ ची संहिता विचारत नाही. पिएर माशरे याने १९६६ मध्ये असे प्रतिपादन केले की, संहिता जे बोलू शकत नाही त्या मौनात तिचा विचारव्यूहाशी असलेला संबंध प्रकट होतो. येथील तार्किक फट नेमकी अशाच मौनाची जागा आहे. लेखिकेची तर्कबुद्धी जेथे थांबली तेथे परंपरेने तिच्यासाठी निर्णय घेतला होता.

४

ल ग्विनचे वेगळेपण असे की, ही फट तिने स्वतःच वाचली. तिसऱ्या कादंबरीनंतर अठरा वर्षांनी आलेली 'तेहानू' (१९९०) शक्ती गमावलेल्या गेडकडे आणि प्रौढ तेनारकडे वळते. स्त्रियांच्या वाट्याचे घर, राबणे, भय हे पूर्वी कथेबाहेर राहिलेले जग आता कथा बनते. १९९२ मधील ऑक्सफर्डच्या व्याख्यानात या फेरविचाराची मीमांसा तिने स्वतःच केली. 'टेल्स फ्रॉम अर्थसी' (२००१) या संग्रहातील 'द फाइंडर' या कथेतून असे समजते की, रोकच्या विद्यापीठाच्या स्थापनेत स्त्रियांचा मोठा वाटा होता. त्यांना वगळले गेले ते नंतर. म्हणजे जो निसर्गनियम वाटत होता तो इतिहास होता.

'दि अदर विंड'मध्ये (२००१) याहून खोलवरच्या विसंगतीला हात घातला आहे. 'द फार्देस्ट शोअर'मध्ये (१९७२) मृत माणसे एका कोरड्या, निःशब्द प्रदेशात नावानिशी छायारूपाने राहतात. तेथे प्रेमिकही एकमेकांना ओळखत नाहीत. त्याच कादंबरीत गेड असेही सांगतो की, तेथे केवळ नाव उरते. खरा माणूस मातीत आणि उन्हात विलीन झालेला असतो. मृत्यू हा समतोलाचा भाग असेल, तर हा कोंडवाडा कशासाठी? २००१ चे उत्तर असे की, तो प्रदेश निसर्गाचा नव्हेच. अमरत्वाच्या लोभाने प्राचीन माणसांनी नामविद्येच्या बळावर बळकावलेला तो भाग आहे. भिंत पाडली जाते आणि मृत मुक्त होतात. ज्या विद्येचा पहिल्या कादंबरीने गौरव केला, तीच मूळ अपराधाचे साधन ठरते.

५

येथे एक आक्षेप संभवतो. रोलिंगने यंत्रे फोडली आणि ल ग्विनने इतिहास नव्याने रचला. दोन्ही मागाहून घातलेली ठिगळेच नव्हेत काय? माझ्या मते या दोहोंत गुणात्मक अंतर आहे. यंत्रे फुटल्याने प्रश्न विचारण्याची शक्यताच नाहीशी होते. ल ग्विनच्या उत्तरकालीन कृतींनी तो प्रश्न अधिक मोठा होतो आणि पूर्वीच्या कादंबऱ्यांकडे परत जाणे वाचकाला भाग पडते. शेळ्यांचा प्रसंग १९६८ मध्ये बालपणाची हकिगत होता. आज तो साक्ष म्हणून वाचावा लागतो. शब्द तेच आहेत, त्यांचे प्रयोजन बदलले आहे.

तथापि या फेरविचारालाही मर्यादा आहेत. 'द फाइंडर'मधील काही भाग कथेपेक्षा प्रतिपादनाच्या गरजेने आलेला वाटतो. 'तेहानू'च्या शेवटी दुष्ट जादूगाराच्या तावडीतून नायक-नायिकेची सुटका महासर्प करतो. शक्तीविना जगण्याचा अर्थ शोधणारी कादंबरी अखेरीस अधिक मोठ्या शक्तीलाच शरण जाते. त्याला बोलावणारी पोळलेली मुलगी आदिभाषा जन्मतः जाणते, हे खरे. पण म्हणजे जिला जन्मजात वारसा नाही त्या सामान्य स्त्रीचा प्रश्न पुन्हा अनुत्तरितच राहतो. ही नवी फट आहे आणि तिला शक्तीच्या अभावातून आलेला दोष म्हणण्यास प्रत्यवाय नसावा.

अद्भुतकथेतील विसंगती शोधण्याचे काम हलके मानण्याचे कारण नाही, एवढाच या विवेचनाचा निष्कर्ष. ज्या विश्वात सर्व काही लेखकाने ठरवलेले असते, तेथे जे न ठरवताच आले ते बाहेरून, आपल्याच जगातून आलेले असते. वास्तववादी कादंबरीत असे गृहीत 'जग असेच आहे' या सबबीखाली लपू शकते. फँटसीला ती सबब उपलब्ध नाही. सर्प उडू शकतात अशा जगात मुलीला शाळेत का जाता येत नाही, या प्रश्नाला तेथे लेखकालाच उत्तर द्यावे लागते.