‘कवयित्री’ आरती प्रभू

‘कवयित्री आरती प्रभू यांनी या कवितेत’ अशी सुरुवात करणारे उत्तर वाचून परीक्षकाला हसू येते, कारण आरती प्रभू म्हणजे चिं. त्र्यं. खानोलकर हे त्याला ठाऊक असते. विंदा करंदीकर आणि ग्रेस यांच्याही वाट्याला हे स्त्रीत्व येते, माधव जूलियन परदेशी ठरतात, तर कधी कुसुमाग्रजांवर थेट शिरवाडकरांचाच प्रभाव दाखवला जातो. अशी उत्तरे मठ्ठपणातून येत नाहीत. नावावरून लिंग ओळखायचे हे व्याकरणाच्या तासाला शिकवलेले असते आणि मुलाने ते चोख वापरलेले असते. त्याची चूक इतकीच की कवितेशी ओळख होण्याआधी कवीचे नाव त्याच्याकडून घोकून घेतले गेले.

उत्तरपत्रिकांतल्या गमतींवरचे लेखन मराठीत आज उदंड आहे, पण त्याचा कस उतरला आहे. पु. ल. देशपांड्यांच्या ‘बिगरी ते मॅट्रिक’मध्ये हशा पिकतो तो मास्तर, क्रमिक पुस्तके आणि पाठांतर यांच्यावर, द. मा. मिरासदारांच्या शाळेतल्या गोष्टींत मुले मास्तरांना पुरून उरतात. मोबाइलवर फिरणाऱ्या याद्यांत मात्र प्रश्न गायब, शिकवणारा गायब, हसण्याजोगा एकटा मुलगा. त्यातल्या कित्येक चुका रचलेल्या आहेत हेही लगेच कळते. खऱ्या चुकीमागे मूल कसे घसरले याची वाट दिसते. रचलेल्या चुकीत नुसता टोला असतो.

ही वाट पाहायची तर ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, महाराज बाड्याजवळच्या टोपी बाजारातल्या मराठी घराचा विचार करा. मुलगा घरी मराठी बोलतो आणि शाळेत हिंदीतून शिकतो. गजानन माधव मुक्तिबोध 1917 साली तेव्हाच्या ग्वाल्हेर संस्थानातल्या श्योपुरात जन्मले आणि हिंदीतले मोठे कवी झाले. त्यांचे भाऊ शरच्चंद्र मराठीत लिहीत राहिले. या मुलाने शरच्चंद्रांची ‘क्षिप्रा’ ही कादंबरी गजाननांच्या नावावर टाकली तर गुण जाणारच. पण दोन्ही भाषांतले मुक्तिबोध त्याच्या कानावर आहेत, हेही त्या उत्तरातून कळते. एका घरातले दोन भाऊ दोन भाषांत का गेले, हा साहित्याचा उत्तम तास त्या चुकीपासूनच सुरू होऊ शकतो.

चूक ती चूक, असे कोणी म्हणेल. कबूल, गुण कापावेत. गठ्ठेच्या गठ्ठे तपासून थकलेल्या परीक्षकाला हसू नका म्हणणेही अन्यायाचे. पण खोलीतले हसू वेगळे आणि ते छापून जगापुढे ठेवणे वेगळे, कारण छापलेल्या मजकुरावर त्या मुलाला काहीच बोलता येत नाही. म्हणून अशी सदरे चालवणाऱ्या संपादकांना विनंती आहे: मुलाचे उत्तर छापाल, तर त्याला विचारलेला प्रश्नही शेजारी छापा.