‘समारंभी भाला’ ही पाटी आणि माओरींचे ताइआहा

कॅप्टन कुकचे जहाज १७६९ साली न्यूझीलंडच्या किनाऱ्यास लागले. तेव्हापासून पॅसिफिकमधील कोरीव आयुधे युरोपातील संग्रहांत जमू लागली. त्यांना ज्या पाट्या लागल्या त्यांत ‘समारंभी भाला’ ही सर्वांत सोयीची, आणि म्हणूनच सर्वांत संशयास्पद होय. माओरींच्या ताइआहास ती लावली असता तिच्यातील दोन्ही शब्द चुकतात.

ताइआहा सामान्यतः पाच ते सहा फूट लांबीचे, कठीण लाकडाच्या अखंड दांड्यातून घडविलेले असते. एका टोकास कोरलेले शिर. त्याचे मुख दोन्ही अंगांनी दिसते, डोळ्यांत पाउआ शिंपल्याचे चकाकते तुकडे, आणि मुखातून बाहेर आलेली लांब जीभ. शिराखाली काका पक्ष्याच्या तांबड्या पिसांचा पट्टा व कुत्र्याच्या केसांचे झुबके. प्रेक्षकाची दृष्टी येथेच खिळते आणि ही जीभ म्हणजे भाल्याचे फळ असा समज होतो. वस्तुतः मुख्य प्रहार दुसऱ्या टोकाच्या चपट्या पात्याचा. जिभेने भोसकणे हा त्याच्या जोडीचा डाव. हे आयुध दोन्ही हातांनी फिरवावयाचे, फेकावयाचे नव्हे. (ज्या मराठीने भाला, बरची आणि विटा यांत भेद राखला, तिने तरी येथे एका शब्दावर समाधान मानू नये.)

‘समारंभी’ या विशेषणामागे असा तर्क दिसतो, की इतके कोरीव काम असलेली वस्तू रणात वापरली गेली नसावी. अलंकरण आणि उपयोग परस्परांस वर्ज्य मानणारी ही दृष्टी संग्रहालयाची आहे. माओरींच्या येथे जीभ बाहेर काढणे हे शत्रूस आव्हान; सभेत वक्ताही ताइआहा हाती घेऊन बोलतो. काचेच्या कपाटात आडवे टांगलेले आयुध पाहणाऱ्यास शस्त्र आणि वाणी यांचा हा संबंध कळावा तरी कसा?

१९८४ साली न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयात भरलेल्या ‘ते माओरी’ या प्रदर्शनाने ही कोंडी काही अंशी फोडली. वस्तू पाठविण्यास जमातींची संमती घेण्यात आली. उद्घाटन पहाटे, माओरी ज्येष्ठांच्या विधींनी झाले. परंतु निवड कोरीव कामापुरतीच राहिली, स्त्रियांचे विणकाम वगळले गेले. ताइआहाचा तो तांबडा पट्टा धाग्यांच्या कामावाचून सिद्ध होत नाही, याचे भान तेथे असते तर बरे झाले असते.

पाहुण्यांच्या स्वागतप्रसंगी आव्हान देणारा योद्धा आजही ताइआहा घेऊन पुढे येतो. रोटोरुआ सरोवरातील मोकोइआ बेटावर मिता मोही यांनी तरुणांना ही विद्या शिकविली. पाटीवर पकड, पाते आणि जीभ यांची कार्ये नोंदविण्यास एवढा आधार पुरेसा आहे.