वसंतरावांचा मारवा : एका चाहत्याचें परीक्षण

ज्या कलावंतावर आपला जीव आहे, त्याच्या कलेचें परीक्षण आपण करूं नये, असा एक संकेत टीकाकारांत रूढ आहे. संकेत शहाणपणाचा आहे. कारण प्रेमाला गुणच दिसतात, आणि दोष दिसलेच तर तें त्यांना लाडकीं नांवें देतें. परंतु ह्या गोष्टीची दुसरीही एक बाजू आहे. एखादा दीर्घ ख्याल एकदां ऐकून त्यावर निकाल देणाऱ्या तटस्थ परीक्षकापेक्षां तोच ख्याल पन्नास वेळां ऐकलेल्या चाहत्याला त्यांतील उणिवा अधिक नेमक्या ठाऊक असतात. त्या बोलून दाखविण्याचें धैर्य मात्र त्याच्या ठिकाणीं पाहिजे. कै. डॉ. वसंतराव देशपांडे ह्यांच्या मारव्याविषयीं तें धैर्य करून पाहण्याचा येथें विचार आहे.

वसंतरावांवर आम्हां नागपूरकरांचा हक्क थोडा अधिक आहे. २ मे १९२० रोजीं अकोला जिल्ह्यांतील मूर्तिजापूर येथें त्यांचा जन्म झाला. पण बाळपण नागपुरांत गेलें आणि गाण्याचे पहिले धडे त्यांनीं येथेंच शंकरराव सप्रे ह्यांच्यापाशीं घेतले. पुढें सी. रामचंद्र ह्या नांवानें चित्रपटसंगीतांत गाजलेले राम चितळकर हेही सप्रे ह्यांचेच शिष्य. १९३५ सालीं भालजी पेंढारकरांच्या 'कालियामर्दन' ह्या बोलपटांत वसंतरावांनीं श्रीकृष्णाची भूमिका केली. नंतर लाहोरास असद अली खाँ ह्यांच्याकडून त्यांना मारवा मिळाला. आणि एवढा एक राग हातीं आल्यावर बाकीचे आपोआप येतील, असें म्हणून खाँसाहेबांनीं त्यांची पाठवणी केली, अशी आख्यायिका सांगितली जाते. पुढें सुरेशबाबू माने, अमान अली खाँ अशा अनेकांची विद्या त्यांनीं उचलली. मास्टर दीनानाथांच्या गाण्याचा ठसा तर शेवटपर्यंत राहिला. पुण्यास लष्करी हिशेबखात्यांत दिवसा नोकरी आणि रात्रीं गाणें, असा त्यांचा कित्येक वर्षांचा क्रम होता. ३० जुलै १९८३ रोजीं ते निवर्तले. आज नागपुरांत सिव्हिल लाइन्समध्यें त्यांच्या नांवाचें सभागृह उभें आहे.

आतां मारव्याकडे वळूं. ह्या रागांत पंचम वर्ज्य. ऋषभ कोमल आणि मध्यम तीव्र. वेळ सूर्यास्ताची. पूरिया आणि सोहनी हे दोन राग नेमके ह्याच स्वरांचे. त्यामुळें मारवा गाणाऱ्याच्या दोन्ही बाजूंस शेजाऱ्यांचीं कुंपणें असतात. गंधार-निषादांवर रेंगाळलें कीं पूरिया डोकावतो. तारसप्तकांत फार वावरलें कीं सोहनी हाक मारते. मारव्याचें स्वत्व ऋषभ आणि धैवत ह्या दोन स्वरांवर टिकून राहण्यांत आहे. शिवाय षड्ज, जो सर्व रागांचा आधार, तोच येथें टाळावयाचा असतो. तंबोऱ्यांत तो अखंड वाजत असतो आणि गायक मात्र त्याच्या उंबऱ्यावरून पुनःपुन्हां परततो. दिवेलागणीला घर दिसावें, पण पाऊल आंत पडूं नये, अशी जी हुरहूर ह्या रागांत आहे, तिचें मूळ ह्या लांबलेल्या षड्जांत आहे.

म्हणूनच मारव्याला विस्तार लागतो. पूर्वींच्या ध्वनिमुद्रिकेच्या एका बाजूवर अवघीं तीन-साडेतीन मिनिटें मावत. तेवढ्या वेळांत रागाचें चित्र दाखवितां येतें. ताटातूट अनुभवावयास देतां येत नाहीं. दीर्घ ध्वनिमुद्रिका आल्यावर उस्ताद अमीर खाँ ह्यांचा मारवा घरोघर पोंचला, आणि अतिविलंबित लयींत एकेका स्वराची वाट पाहणें म्हणजे काय, हें सामान्य श्रोत्याला कळलें. केवळ आपल्याकडेच असें घडलें, असें नव्हे. अमेरिकेंतील 'ग्रेटफुल डेड' ह्या वाद्यवृंदाची 'डार्क स्टार' ही रचना १९६९ च्या 'लाइव्ह/डेड' ह्या संग्रहांत सुमारें तेवीस मिनिटें चालते, आणि तिचे चाहते वेगवेगळ्या रात्रींचीं ध्वनिमुद्रणें जमवून कोणत्या रात्रीं वादक कोठें पोंचले, ह्याचा वर्षानुवर्षें खल करीत आले आहेत. उत्स्फूर्त कलेला असे चाहते भेटतात, कारण ती दर वेळीं पणाला लागलेली असते.

लकडगंजांत संध्याकाळीं आरागिरण्यांचा आवाज थांबला कीं आम्ही चारपांच मंडळी वसंतरावांचीं जुनीं ध्वनिमुद्रणें ऐकत बसतों. आमच्यांतील एक वयोवृद्ध स्नेही लांकडाचे व्यापारी आहेत आणि अमीर खाँ हें त्यांचें दैवत. त्यांचा आक्षेप असा : "अमीर खाँसाहेब जिना चढतात, आणि आपणही पायरी-पायरीनें त्यांच्या मागें जातों. तुमचे वसंतराव तळमजल्यावरून एकदम गच्चीवर दिसतात आणि वळून पाहावें तों पुन्हां अंगणांत! ही चपळाई आहे. इमारत कोठें आहे?"

हा आक्षेप हंसून सोडून देण्याजोगा नाहीं. वसंतरावांच्या आलापांत स्वरांची शिस्तवार बढत शोधणाऱ्याची निराशा होते. एक विचार पुरा होण्यापूर्वींच दुसरा त्याला बाजूस सारतो; तान निघते ती कोठें उतरेल ह्याचा अंदाज करूं जावें, तर अंदाज करणाराच फसतो. पहिल्या वेळीं ऐकतांना आपण ह्या फसण्यालाच भुलतों, हें कबूल केलें पाहिजे. पण त्याची एक कसोटी आहे. केवळ धक्क्याचें सौंदर्य दुसऱ्या वेळीं उरत नाहीं. उत्तर ठाऊक असलेला उखाणा कोणी पुन्हां ऐकत नाहीं. वसंतरावांची तान कोठें वळणार हें पाठ झाल्यावरही ती तितकीच जिवंत लागते. असें कां व्हावें? लक्षपूर्वक ऐकतां दिसतें तें असें कीं, स्वर कोठेंही उडो, तो परततो ऋषभ-धैवतांच्याच जोडीकडे. मधलीं वाट अकल्पित असली, तरी ओढ एकच आहे. जिना नसला, तरी इमारत आहे. ती चढून पाहावयाची नसून तिच्याभोंवतीं फिरून पाहावयाची आहे.

तरी दोष उरतातच. पहिला दोष असा कीं, वसंतरावांना शांततेचा धीर कमी. ज्या ठिकाणीं धैवतावर नुसतें थांबून राहावें, तेथेंही त्यांची बुद्धि स्वस्थ बसत नाहीं. मारव्याची व्याकुळता वाट पाहण्यांत आहे, आणि वाट पाहणें ह्या गायकाच्या स्वभावांत नाहीं. अमीर खाँ ह्यांच्याशीं तुलना केली, तर ह्या एका बाबतींत निकाल वसंतरावांच्या विरुद्ध जातो, आणि तो मान्य करावा. दुसरा दोष रंगभूमीनें दिलेला आहे. १९६७ सालीं रंगमंचावर आलेल्या, आमच्या नागपूरच्याच पुरुषोत्तम दारव्हेकरांनीं लिहिलेल्या 'कट्यार काळजांत घुसली' ह्या नाटकांतील खाँसाहेबांची त्यांची भूमिका अविस्मरणीय ठरली. समोरच्या प्रेक्षकाशीं तत्काळ संवाद साधण्याची जी हातोटी नटाला लागते, ती त्यांच्या अंगीं मुरलेली होती. मैफलींत ती कधीं कधीं आड येते. श्रोत्यांतून दाद उठली कीं तान आणखी एक गिरकी घेते, आणि ती गिरकी रागाला हवी होती कीं श्रोत्यांना, अशी शंका मनांत राहते.

परंतु हे दोनही दोष काढून टाकले तर काय उरेल, ह्याचाही विचार व्हावा. आपलें घराणें आपल्यापासूनच सुरू होतें, अशा अर्थाचें वसंतरावांचें उत्तर प्रसिद्ध आहे. त्यांत अभिमान आहे, तसें एक ओझेंही आहे. घराण्याचा गायक अडला, तर परंपरा त्याचा हात धरते. ह्या गायकाला अडल्या जागीं स्वतःच वाट काढावी लागे, आणि तीही श्रोत्यांच्या देखत. त्याची अस्वस्थता हा त्या धोक्याचा मोबदला आहे. शांततेची चूक पत्करून त्यानें रागाला एक निराळीच छटा दिली. अमीर खाँ ह्यांच्या मारव्यांत दिवस मावळल्याची खंत स्थिर होऊन बसते. वसंतरावांच्या मारव्यांत मावळणाऱ्या दिवसाशीं कोणी तरी अजून झगडत असतो. शेवटीं बऱ्याच वेळानें षड्ज लागतो, तेव्हां पहिल्या गायनांत तो विसाव्यासारखा वाटतो, दुसऱ्यांत दमल्यासारखा.

आमच्या स्नेह्यांना हें सारें पटलें, असें म्हणवत नाहीं. परवां ध्वनिमुद्रण संपल्यावर ते कांहीं वेळ गप्प होते. मग म्हणाले, "सागाचा ओंडका चिरतांना रेष सरळ निघाली, तर भाव चांगला येतो. पण वांकड्या रेषेची फळी असते ना, ती मी विकीत नाहीं, घरीं ठेवतों." ह्याहून अधिक अनुकूल निकाल त्यांच्याकडून मिळण्याची आशा नाहीं, आणि चाहत्याला तेवढा पुरेसा आहे.